कारल्याच्या रसाची बाटली

आज सकाळी बायकोनं मिक्सरमध्ये कारली फिरवली आणि त्या कडू वासासरशी मला शिरूरचा दवाखाना आठवला. वडिलांना नुकतीच साखर निघाली होती. "गोळ्या सोड, नुसता ह्यो रस पी," म्हणत आत्यानं दौंडहून येताना कारल्याच्या रसाची बाटली आणली. वडिलांनी तो चाखलाही नाही. बाटली पिशवीत घातली आणि मला घेऊन दवाखाना गाठला. बाकावरची एक म्हातारी पिशवीतली बाटली बघून म्हणाली, "आप्पा, ती भाईर काढू नगा, डाक्टर खवळत्यात." वडिलांनी आत जाऊन ती सरळ टेबलावर ठेवली. "गोळी घेतोयच. ह्यो बी घेऊ का? आमी मेंढरं राखायचो तवा त्यास्नी दोन औषधं एकदम कवाच सुरू केली न्हाईत. गुण कशानं आला, अवगुण कशानं आला, कळाय नको?" डॉक्टर खुर्ची पुढं ओढून नीट बसले. "गोळी बंद करायची नाही. आधी तिचा गुण तपासू, मग रस थोडा थोडा सुरू करा. घाम सुटला, हातपाय कापले, तर साखर तोंडात टाका आणि लगेच इकडं या." बाहेर म्हातारी वाट बघत होती. "खवळलं का वो?" "न्हाई. इचारल्यावर कशाला खवळत्याल?" तिनं कनवटीची काढ्याची पुडी काढली आणि उघड्या हातावर घेऊन आत गेली. माझी छाती तेव्हा जी फुगली, ती अजून तशीच आहे. माझीही गोळी कालच सुरू झालीय. बायकोनं ग्लास पुढं केला, तशी मी चप्पल घातली. म्हटलं, "आधी डॉक्टरला इचारून येतो. मेंढपाळाचं पोर हाय मी."