लेकीच्या नळाचं पाणी

माझं माहेर मुळशीतलं सूस आणि सासर पुण्यातली कसबा पेठ. माझं लग्न झालं तेव्हा सूस अगदीच खेडं होतं. सगळी भावकी म्हणाली, पोरीनं नशीब काढलं, शहरात चालली. पुढच्या पाच-सहा वर्षांत सगळं उलटं झालं. बाणेरकडून इमारती सरकत सरकत आमच्या बांधाला येऊन भिडल्या. वडलांनी, म्हणजे आमच्या आप्पांनी, विहिरीकडचं रान बिल्डरला दिलं आणि दुमजली बंगला बांधला. जिन्याला ग्रॅनाइट, दारात पांढरी गाडी, वरच्या खोल्यांत हिंजवडीला कामाला जाणारी भाडेकरू पोरं. इकडे मी, नवरा आणि सासूबाई अशी तीन माणसं दोन खोल्यांत. वास्तुशांतीला आप्पांनी हौसेनं मलाही एक भलंमोठं कपाट घेतलं. ते आमच्या जिन्यातून वर चढेना, दोन दिवस खाली रस्त्यावर उभं राहिलं आणि शेवटी सूसला परत गेलं. सगळ्या आळीनं ती गंमत बघितली.

पण एवढ्या थाटात एक मेख होती. बंगल्यात सात नळ आणि एकालाही धड पाणी नाही. विहीर तर बिल्डरनं राडारोडा टाकून बुजवून टाकलेली. बोअर घेतली, तिला पाणी लागलं, पण ते इतकं जड की डाळ शिजायची नाही आणि भांड्यांवर पांढरा थर बसायचा. उन्हाळ्यात तेही आटलं की टँकर. गाव महापालिकेत नव्हतं, त्यामुळे पालिकेचं पाणी कुठून येणार. आमच्या कसब्यातल्या मोरीत एकच पितळी नळ, पण सकाळ-संध्याकाळ असा धो धो यायचा की सासूबाई कालचं भरलेलं पाणी शिळं झालं म्हणून ओतून द्यायच्या. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मी त्यांच्या हातातली बादली धरली होती. मग सवय झाली आणि मीही ओतायला लागले.

अशात आईला मूतखडा झाला. डॉक्टरांनी बोअरचं पाणी साफ बंद करायला सांगितलं. गोडं पाणी, तेही भरपूर, नाहीतर किडनीवर जाईल म्हणाले. मी म्हटलं, आप्पा, जार लावा की. तर म्हणाले, "जारवाला कोन, माजाच पुतन्या. बोअरचंच पानी भरतुया आन् वर निळं टोपान लावतुया." त्यांचंही खरंच होतं.

दुसऱ्या रविवारी आप्पा चार कॅन घेऊन आमच्या दारात उभे. गाडी गल्लीत शिरत नाही म्हणून तोंडाशी लावलेली. सासूबाईंकडे न बघता म्हणाले, "चार कॅन भरून दे." तेव्हापासून दर रविवारी हेच. धुवट धोतराचा माणूस, गावात ज्याला उठून रामराम घालतात, तो दोन जिने कॅन उतरवायचा. मी कॅनच्या तोंडाला फडकं बांधून द्यायचे, गाडीत सांडू नये म्हणून. पण स्वतः आप्पा आमच्याकडे घोटभर पाणी प्यायचे नाहीत. आमच्यात रीतच आहे, लेकीला मूल होईस्तोवर तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही. मला सात वर्षांत मूल नव्हतं. उन्हातान्हातून आलेला बाप घामाघूम होऊन माझ्या नळाखाली कॅन धरायचा आणि कोरड्या तोंडानं निघून जायचा. मला सांगा, मी काय करायचं होतं.

ते गेले की सासूबाई म्हणायच्या, "बडा घर पोकळ वासा." माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. पण खरं तेही सांगते. पुढच्या रविवारी कॅन आले की खडेमीठ टाकून ते खळखळून धुवायच्या त्याच, मला हात लावू द्यायच्या नाहीत. म्हणायच्या, "आजारी माणसाच्या तोंडी जायचंय, तू वरवर धुतेस."

आईला यातलं काही सांगायचं नाही, असं आप्पांनी मला बजावलं होतं. रीतभात पाळण्यात ती त्यांच्याही वरताण. तिला त्यांनी सांगितलं होतं, मंडईजवळच्या दोस्ताच्या दुकानातून भरून आणतो. ती पीत होती, कळा थांबल्या होत्या. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. म्हशीचं, भाडेकरूंचं, टँकरचं बोलून झालं की शेवटी हळूच विचारायची, "काय इशेष?" मी म्हणायचे, काही नाही. मग ती म्हणायची, "व्हईल, व्हईल," आणि फोन ठेवायची.

दोन हजार आठच्या थंडीत आप्पांनी आईला सोनोग्राफीसाठी शहरात आणलं. दवाखान्यात नंबर लांब होता म्हणून मधला वेळ दोघं आमच्याकडे टेकली. सासूबाईंनी तांब्याभांडं पुढं केलं. आई म्हणाली, "नगं, माजं पानी हाय," आणि पिशवीतून बाटली काढून प्यायला लागली. सासूबाईंचा चेहरा मी बघत होते. दीड वर्षं त्यांनी तोंड आवरलं होतं, ते तेवढ्यात सुटलं. "विहीणबाई, त्या बाटलीतलं पाणी आमच्याच नळाचं. व्याही दर रविवारी भरून नेतात, विचारा त्यांना."

आईनं बाटलीला टोपण लावलं. आप्पांकडे बघितलंसुद्धा नाही. बाटली तिथंच ठेवून ती दवाखान्यात गेली. सासूबाई रात्री जेवल्या नाहीत, एवढं मात्र मी बघितलं.

पुढच्या रविवारी आप्पा आले ते रिकाम्या हातानं. आधीचे चारही कॅन सूसच्या घरात भरलेलेच होते. आई बोअरचं उकळून पीत होती आणि तिला पुन्हा कळा सुरू झाल्या होत्या. मी तशीच त्यांच्याबरोबर गाडीत बसले.

आई ओट्याशी बसली होती, पोटाला उशी दाबून. मी कॅन उघडला, ग्लास भरला, तिच्यापुढे धरला. तिनं मान वळवली.

"तुला काय वाटलं, मला ठाव नव्हतं?" ती म्हणाली. "पयल्याच रविवारी कळलं. फडक्याची गाठ तुज्या हातची. ती मला वळखू येत न्हाई व्हय?"

"मग एवढे दिवस प्यालीस कशी?"

"कुनी बोललं नव्हतं ना. मला ठाव न्हाई आसं मी धरलं, द्येवानंबी धरलं. आता तोंडावर सांगितलं. आता कसं पिऊ?"

मी चिडले. म्हटलं, किडनी गेली तर रीत काय तुला चाटायचीय का. ती शांतपणे म्हणाली, "रीतीचं न्हाई गं. मी हे प्याले म्हंजी मी म्हनले, हिला आता काय व्हत न्हाई. तुजी सासू म्हनू दे, गाव म्हनू दे. मी न्हाई म्हननार."

धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, तशी माझी गत झाली. कारण दोन वर्षांपूर्वीच मोठ्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, तुम्हाला मूल होणार नाही, पैसे घालवू नका. ते नवऱ्याला आणि मलाच माहीत होतं. सासूबाईंना सांगितलं नव्हतं. आईला तर मी मरेपर्यंत सांगणार नव्हते. रोज तिचा 'काय इशेष' आला की मी खोटं बोलायचे, आणि खरं सांगायचं तर तिच्या 'व्हईल'वर मीही थोडी जगायचे.

तेवढ्यात तिला कळ आली. ओठ निळे पडले. मी ग्लास ओट्यावर ठेवला आणि सांगून टाकलं. डॉक्टर काय म्हणाले, कधी म्हणाले, सगळं. शेवटी म्हटलं, "होणार नाही, आई. तू कशाला थांबतेस? पी आता."

तिनं पोटावरची उशी बाजूला ठेवली. रडली नाही. मग स्वतःच्या हातानं ग्लास उचलला आणि सगळा प्याली, मधे न थांबता. रिकामा ग्लास पुढे करून म्हणाली, "अजून दे."

खडा पुढे पडून गेला. आप्पा अजून दर रविवारी येतात, आता आमच्याकडे पाणी पितात, चहाही घेतात. सासूबाई त्यांना वर बसवतात आणि पहिले दोन कॅन भरेपर्यंत तरी टोमणा मारत नाहीत. आईचा फोन रोज येतो. म्हशीचं सांगते, भाडेकरूंचं सांगते, टँकर आला का नाही ते सांगते. सगळं सांगून झालं की थोडी थांबते. मीही थांबते.

"बरं, ठिवते," म्हणते आणि फोन ठेवते.