परक्याच्या नावाचे ताट

माझ्या पत्नीला हे ठाऊक नव्हते. बेचाळीस वर्षे आम्ही एका छपराखाली काढली आणि ती हे न कळताच गेली. मुलीला ठाऊक नाही. त्या दिवशी जे हजर होते त्यांपैकी कुणी उरले असेल असे वाटत नाही. म्हणजे हे सांगू शकेल असा मी एकटा — आणि माझे वय ऐंशी आहे. आणखी किती दिवस थांबायचे?

मी मूळचा मेढ्याचा. लष्करात डॉक्टर होतो. निवृत्तीनंतर सांगलीत दवाखाना घातला. कुपवाडच्या कारखान्यांतले कामगार माझ्याकडे येत. कुणाचे बोट यंत्रात सापडलेले, कुणाच्या डोळ्यात लोखंडाचा कीस गेलेला. मी कमी बोलतो हे त्यांना माहीत होते. टाके नीट घालतो, हेही. एवढ्यावर माझे आयुष्य सरळ संपले असते. पण मी एक कथा लिहिली.

एकाहत्तरच्या लढाईला वीस वर्षे होऊन गेली होती. एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी आग्रह केला — युद्धातले काही लिहा. लिहिले. सीमेजवळचा उपचारांचा तंबू. दोन जखमी, एक आपला जवान, एक शत्रूचा कैदी. रक्ताची शेवटची एक बाटली. जवान वाचण्यापलीकडे गेलेला आहे. कैदी रक्त मिळाले तर वाचेल. कथेतला डॉक्टर जखम पाहतो, गणवेश पाहत नाही. बाटली कैद्याला लावतो. जवान मरतो. कैदी बरा होतो आणि पुढे कैद्यांच्या अदलाबदलीत आपल्या घरी परततो.

कथा गाजली. महाविद्यालयांतून बोलावणी येऊ लागली. ‘वैद्यकीचा धर्म आणि राष्ट्रनिष्ठा’ असे फळ्यावर सुबक अक्षरांत लिहिलेले असे. शाल, श्रीफळ, फोटो. ही तुमचीच हकीकत का, असे कुणी विचारले की मी काही न बोलता पाण्याचा पेला उचलत असे. त्या न बोलण्याला लोक विनय म्हणाले. साताऱ्याकडचे निवृत्त सैनिक मात्र बिथरले. मेढ्याच्या बाजारात एका सुभेदाराने मला अडवून सगळ्यांदेखत विचारले, “काय डाक्टर, पाकिस्तानातनं पेन्शन येती का न्हाई अजून?” लोक हसले. मी मान ताठ ठेवून पुढे गेलो. त्या अपमानाचा मला अभिमान वाटला.

कारण कथेत घडले ते तंबूत घडलेच नव्हते. बाटली मी आपल्या जवानाला दिली होती.

मग यात लपवण्यासारखे काय, असे तुम्ही म्हणाल. आपल्या माणसाला रक्त दिले, यात गुन्हा कोणता? थोडे थांबा.

जखमी आला की डॉक्टर त्याला तपासतो आणि त्याच्या छातीवर बांधलेल्या कार्डावर आकडा लिहितो. एक — आत्ता उपचार केले तर वाचेल. दोन — थांबू शकेल. तीन — बाजूला ठेवा. बाजूला ठेवा म्हणजे काय, ते तंबूत सर्वांना समजते. हा आकडा जखमेचा असतो. माणूस कुठल्या बाजूचा, कुणाचा कोण, हे त्यात धरायचे नसते. मला असे शिकवले होते. पुढे मी इतरांना तसेच शिकवले.

जवानाचे नाव नामदेव. कवठे महांकाळ तालुक्यातला. पोटात गोळ्या, यकृत फाटलेले, मनगटाला नाडी लागत नव्हती. त्याच्या कार्डावर मी तीन लिहिले. कैद्याचे नाव युसूफ. त्याच्या मांडीची रक्तवाहिनी तुटली होती. कुणीतरी वर पट्टा आवळून बांधला होता, म्हणून तो जिवंत पोचला. त्याच्या कार्डावर एक लिहिले. दोन्ही आकडे माझ्या हातचे होते आणि दोन्ही बरोबर होते.

तेवढ्यात नामदेव बोलला. मी काहीतरी मराठीत पुटपुटलो असेन. ते त्याने ऐकले असावे. “साहेब, आमच्या खिलारीला खोंड झालं का कालवड, किसनानं लिवलंच न्हाई बगा पत्रात.” घरची गाय. धाकट्या भावाचे पत्र. पोट फाटलेला माणूस मला हे विचारत होता, जणू मी त्याच्या बांधावर उभा होतो. तंबूत आठ-दहा माणसे होती. त्यांना आमची भाषा कळत नसेल. पण ती सगळी आधी त्या बाटलीकडे आणि मग माझ्याकडे पाहत होती.

मी युसूफच्या कार्डावरचा एक खोडला आणि तीन लिहिले. नामदेवच्या कार्डावरचा तीन खोडला आणि एक लिहिले.

युसूफ पाहत होता. तो त्यांच्या सैन्यात जखमींची शुश्रूषाच करणारा होता. त्या आकड्यांचा अर्थ त्याला कुणी सांगावा लागला नाही. तो ओरडला नाही. हलक्या आवाजात म्हणाला, “डॉक्टर साहब, पहले एक लिखा था।”

मी बाटली नामदेवला लावली.

हे मी देशासाठी केले का? पुष्कळ वर्षे स्वतःला तसे सांगून पाहिले. टिकले नाही. त्या घटकेला मला देश आठवला नव्हता. आठ-दहा माणसांची नजर होती, आणि शेवटचे रक्त शत्रूला देणारा डॉक्टर म्हणून त्या नजरेत राहण्याची मला भीती वाटली. एवढेच. जी शिवी खाण्याचे धैर्य मला तंबूत झाले नाही, तीच पुढे मेढ्याच्या बाजारात मी फुकट मिरवली.

इथवरचे कदाचित कुणी समजून घेईल. पण अजून सगळे सांगितलेले नाही. आधी किसनचे सांगतो — त्याच्याशिवाय हे लिहिण्याची वेळच आली नसती.

कथा छापून काही महिने झाले असतील. तिशीतला एक शेतकरी दवाखान्यात आला, रीतसर नंबर लावून बसला, आणि पाळी आल्यावर दिवाळी अंक माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला, “खोंडाचं तुमाला कुणी सांगितलं?”

कथेत मी सगळे बदलले होते — नाव, गाव, पलटण, जखमासुद्धा. ते एक वाक्य मात्र जसेच्या तसे ठेवले होते. चांगले वाक्य होते, म्हणून. लिहिणाऱ्याचा मोह दुसरा काय असतो?

“त्यो माझा दादा. पत्रं मी लिवत हुतो,” तो म्हणाला. तोच किसन. मग खाली बघत म्हणाला, “आई म्हणती, एकच इचारून ये. बाटली व्हती, तर आमच्या दादाला का न्हाई दिली?”

दिली. हा एक शब्द पुरला असता. वीस वर्षांनी एका आईला कळले असते की तिच्या मुलासाठी होते ते सगळे केले. आणि ते खरे होते! पण ‘दिली’ म्हटले की पुढचा प्रश्न येणार — मग त्या दुसऱ्याचे काय झाले? भिंतीवर नुकतेच मिळालेले मानपत्र होते. मी म्हणालो, “नियम जखमेचा असतो. गणवेशाचा नसतो.” इतके खरे वाक्य इतक्या खोट्या हेतूने मी दुसरे कधी उच्चारले नाही.

उठताना किसन म्हणाला, “मग वाचला का त्यो?”

“वाचला.”

“घरी पोचला?”

“पोचला.”

पुढच्या भाद्रपदात मला बोलावणे आले. शस्त्राने मेलेल्यांचा म्हाळ चतुर्दशीला घालतात. त्यांच्या घरी नामदेवचा त्या दिवशी असे. मी गेलो. का गेलो? न जाणे संशयास्पद दिसले असते. नामदेवच्या नावाचे पान मांडलेले होते. त्याच्या शेजारी एक पितळी ताट होते, जिवंत माणसाला वाढतात तसे, पाण्याचा तांब्या भरून ठेवलेले. नामदेवची आई — सोनाबाई — मला म्हणाल्या, “माझा गेला त्यो गेला. पर दुसरीचं लेकरू तर घरला पोचलं. त्यो काय हितं यायचा न्हाई. त्येच्या नावाचं तुमी जेवा.”

मी त्या ताटावर बसलो.

त्यानंतर दरवर्षी. खीर, वडे, गवारीची भाजी, कढी. मी अंग चोरून जेवू लागलो की सोनाबाई उंबऱ्यातून ओरडत, “आवं डाक्टर, त्यो पंजाबातला गडी न्हवं? दोन वड्यांत भागतंय व्हय त्येचं? वाढ गं त्येला!” सगळे हसत. मी हात आडवा धरत नसे. एका वर्षी त्या म्हणाल्या, “लगीन झालं असंल आता.” मी म्हणालो, झाले असेल. आणखी काही वर्षांनी, “नातवंडं असतील की वो.” असतील, मी म्हणालो. ज्या मुलाचे मरण त्यांनी पत्करले होते, त्याच्या बदल्यात हा दुसरा त्यांच्या मनात वयाने वाढत होता, संसाराला लागला होता, म्हातारा होत होता. मी दर भाद्रपदात जाऊन त्याला एक वर्ष वाढवून देत होतो.

शेवटच्या म्हाळाला त्यांना उठवत नव्हते. पडल्या जागेवरून त्यांनी त्या ताटाकडे बोट करून तूप वाढले का ते विचारले. पुढच्या वर्षी त्या नव्हत्या. किसनने रीत मोडली नाही.

गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. तोही आता सत्तरीकडे झुकला आहे. “साहेब, नात म्हणती, मोबाईलवर कुणीबी सापडतंय आता. त्या माणसाचं नाव तेवढं द्या. जित्ता असंल तर एकदा बोलू. आईची लय इच्छा व्हती.”

मी म्हणालो, “नाव आठवत नाही.”

“ऱ्हाऊं द्या,” तो म्हणाला. “वय झालं की आपलं. चतुर्दशीला या मात्र.”

आता राहिलेले.

नामदेव बाटली अर्धी व्हायच्या आत गेला. सुई त्याच्या हातात होती आणि नाडी थांबली होती. बाटलीत निम्म्याहून अधिक रक्त उरले होते. ते ओ गटाचे होते, कुणालाही चालणारे. पाच पावलांवर युसूफ होता — जिवंत, शुद्धीत. तंबूत दुसरी नळी होती. दुसरी सुई होती. आता निवड करायची नव्हती. ज्या दोघांतून निवडायचे त्यांतला एक मेला होता. माझ्या हाताखालच्या सहायकाने नळीची कळ बंद केली, बाटली खाली काढली, हातात धरली आणि माझ्याकडे पाहिले. त्याला मुळीच राग नव्हता. तो युसूफच्या दिशेने एक पाऊल वळलाही होता. म्हणजे ज्या नजरांना मी भ्यालो, त्यांतली एक तरी माझ्या आधी माणसात आली होती.

मी नाही म्हणून मान हलवली.

का? ती बाटली तिकडे नेली असती तर माझा पहिला आकडाच बरोबर होता, हे सगळ्यांना दिसले असते. दुसरे कारण नाही. मी शोधले आहे. सहायकाला मी सांगितले, एकाला लावलेली बाटली दुसऱ्याला लावायची नसते, नियम आहे. नियम होता. त्याने बाटली ठेवून दिली. त्यानंतर युसूफच्या मांडीतली रक्तवाहिनी बांधायलाही मी गेलो नाही — कार्डावर तीन होता आणि तीनला हात लावायचा नसतो. पहिल्या वेळी तो बोलला होता. या वेळी त्याने नुसते पाहिले, आणि मग तोंड तंबूच्या कापडाकडे फिरवले. दुपारी चारच्या आत तो गेला. नोंदवहीत मी लिहिले: आणले तेव्हाच आशा नव्हती. सही केली. अक्षर नीट आले होते.

शत्रूला मारण्याचे काम माझे नव्हते. ज्यांचे होते त्यांनी ते समोरासमोर, स्वतः गोळीच्या टप्प्यात उभे राहून केले. माझ्यासमोर जो होता त्याच्या हातात शस्त्र नव्हते, आणि मी त्याला रक्त उरलेले असताना मारले. मग त्याच्यावर कथा लिहिली. मग त्याच्या वाटणीचे जेवण जेवलो.

हा मजकूर छापायला जाण्याआधी त्याची एक प्रत आज कवठ्याला टपालाने धाडली आहे. सोबत वेगळ्या कागदावर युसूफचे पूर्ण नाव, हुद्दा आणि पलटण — कार्डावर होते तेवढे सगळे. मी ते कधीच विसरलो नव्हतो. किसनच्या नातीला काही सापडले, तर युसूफच्या घरी त्याची वाट पाहून थकलेली माणसे सापडतील. चतुर्दशीला नऊ दिवस आहेत. मी जाणार नाही.

तीस वर्षांहून अधिक काळ मी त्या ताटावर बसलो. घास अडकला असे एकदाही झाले नाही. दरवर्षी मी पोटभर जेवलो.