अंधारातल्या नळ्या

"या निळ्या पाण्याचा नाद सोड," आमच्या लॅबचे प्रमुख सर म्हणाले. "जंतू नुसत्या रंगानंच मरताहेत. उजेडाचा काही संबंध नाही."

"संबंध आहे," मी म्हटलं. हातात पुरावा शून्य, तरी म्हटलं. पिढ्यान् पिढ्या बेंगळुरात राहून आमच्या घराण्यानं मराठी सोडली नाही, आणि मी तीन वर्षांचं काम एका वाक्यावर सोडू होय?

काम सांगायला सोपं आहे. हा निळा रंग जंतूंमध्ये शिरतो आणि अंधारात गप्प बसतो. लाल उजेड पडला की भोवतीच्या प्राणवायूलाच जंतूंवर उलटवतो. औषधांना दाद न देणारे जंतूही त्यानं मरतात. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, पायाच्या जखमेत असलेच जंतू ठाण मांडून बसले होते. औषधं बदलून झाली, शेवटी बोट कापावं लागलं. त्या दिवशी मला जो राग आला तो अजून गेलेला नाही.

पण राग म्हणजे पुरावा नव्हे. तेच जंतू, तोच रंग, फक्त उजेड नाही, अशा नळ्याही ठेवाव्या लागतात. त्यांतले जंतू जगायला हवेत. मी प्रयोग चार वेळा केला, माझे चारही वेळा मेले. म्हणजे रंगच जहाल, तो जखमेवर कसा घालणार? सरांनी महिनाअखेरपर्यंत मुदत दिली.

मी रंग पातळ केला, बाटली बदलली, स्वतःवरच चरफडत बसले. मग शंका आली, अंधारातल्या नळ्यांना कुठून उजेड तर लागत नसेल? आमची लॅब पुसणारी अक्का आनेकलहून बसनं येते. तिला कन्नडमध्ये विचारलं, नळ्या ठेवलेल्या आतल्या अंधाऱ्या खोलीत संध्याकाळी कोण जातं?

तिनं पोछा भिंतीला टेकवला. "नीवे अल्वा, मेडम?" तुम्हीच की! रोज साडेसहाला आत जाता, दिवा लावता, हात जोडता, अर्ध्या नळ्या लाल उजेडात ठेवायला घेऊन बाहेर येता, आतला दिवा तसाच.

मी कपाळावर हात मारून घेतला. दिवेलागणीला घरातली एकही खोली अंधारात राहता कामा नये, आणि लावलेला दिवा लगेच विझवायचा नाही, ही आईची शिस्त. माझ्या हातानं ती जे. पी. नगरच्या घरातून थेट लॅबमध्ये आणली होती. अंधारात ठेवलेल्या नळ्यांना मीच रोज दिवा दाखवत होते! वर 'खोली बंद आहे, फॉइल कशाला गुंडाळायची' हे शहाणपणही माझंच.

पाचव्या वेळी नळ्यांना दुहेरी फॉइल गुंडाळली. साडेसहाला आत शिरले तर हात आपोआप बटणाकडे गेला. तो कोटाच्या खिशात कोंबला आणि तशीच उभी राहिले. खरं सांगते, आपण काहीतरी अशुभ करतोय असं वाटलं. तरी दिवा लावला नाही.

प्रत्येक नळीतला थेंब जंतू वाढायच्या प्लेटवर पसरून ठेवला. दुसऱ्या दिवशी उजेडातल्या नळीची प्लेट लख्ख होती. अंधारातल्या नळीच्या प्लेटवर जंतूंची जत्रा भरली होती. ज्यांचा इतकी वर्षं द्वेष केला त्यांना जिवंत बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

सरांनी दोन्ही प्लेटा खिडकीपाशी नेऊन बघितल्या. "सरी," ते म्हणाले, म्हणजे कन्नडमध्ये 'बरोबर'. आमच्याकडे माघार एवढ्याच शब्दात घेतात. मग म्हणाले, "आधीच्या चार वेळा सफाईवालीनं चुकून दिवा लावला असं लिही. तुझं नाव कशाला खराब करतेस?"

दाराबाहेर अक्का फरशी पुसत होती. ती कंत्राटावर आहे. तिला घरी बसवायला असलं एक वाक्य पुरे.

"दिवा मी लावला," मी म्हटलं. "तसंच लिहीन."

"लोक हसतील."

"हसू देत. अण्णांचं बोट कापलं तेव्हा कुणी हसत नव्हतं."

त्याच दुपारी अहवाल लिहिला. फसलेल्या चार प्रयोगांपुढे माझं नाव घातलं आणि पाचव्यापुढेही. अक्षर दोन्हीकडे तेवढंच मोठं ठेवलं.