साठ संगणकांची चूक

आसावरी पोतनीस भिवंडीच्या शिक्षक घराण्यातली. पुण्याच्या एका संशोधन संस्थेत तिची लायब्ररी तयार होत होती. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे, गणित सोडवणाऱ्या प्रोग्रॅमची. लाखो समीकरणं एका संगणकात मावत नाहीत, म्हणून त्यांचे तुकडे करून ते अनेक संगणकांना वाटायचे. प्रत्येकाला फक्त आपलाच तुकडा ठाऊक. शेजाऱ्याकडचं काही हवं असेल तर निरोप धाडून मागायचं.

तिच्या हाताखाली चाचण्या घ्यायला विशाल होता, भिवंडीजवळच्या वळ गावचा. घरात एम.एस्सी. झालेला पहिलाच. एका सकाळी तो म्हणाला, "मॅडम, चौसष्ट संगणकांवर उत्तर बरोबर येतं, साठांवर चुकतं. वाटणी समान होत न्हाय तिथे शेवटच्या निरोपात जुने आकडे जातात."

लायब्ररी जाहीर व्हायला चार दिवस उरले होते. आसावरी सगळ्यांदेखत म्हणाली, "तुझी चाचणीच चुकली असेल. आधी मूलभूत गोष्टी शीक."

त्याने सगळं लिहून मेल केलं. तिने ते उघडलंही नाही. वर्षअखेरीच्या अहवालात तिने 'कामाची समज कमी' असं लिहिलं आणि विशालच्या नोकरीची मुदत वाढली नाही.

या गोष्टीला नऊ वर्षं झाली. यंदा याच लायब्ररीने धरणाच्या भिंतीवरचा ताण मोजणाऱ्या एका संशोधिकेचं पत्र आलं. दोन वर्षांचे निकाल चुकले होते, तेही साठ संगणकांवर. आसावरीने जुनं मेल शोधून काढलं. तीन पानं होती, दुरुस्तीसकट. तिने ती दुरुस्ती जशीच्या तशी लावली आणि उत्तर बरोबर आलं.

रविवारी ती वळला गेली. विशाल आता जवळच्या मानकोलीतल्या गोदामात शिफ्ट सांभाळायचा. नुकताच ड्युटीवरून आला होता. त्याने ओटीवर खुर्ची मांडली, पाणी आणलं.

"तुझं बरोबर होतं, विशाल. एक अक्षरही बदलावं लागलं नाही. दुरुस्तीवर तुझं नाव घातलंय. संस्थेलाही कळवलंय, की त्या वेळी चूक माझी होती."

त्याने विचारलं, "आता साठांवर किती वेळ लागतो?"

"सहा मिनिटं."

"तवा अकरा लागायची." तो किंचित हसला.

"परत येशील? मी बोलते त्यांच्याशी."

"आता न्हाय जमायचं, मॅडम. त्या कामातला हात सुटला." अंगणाकडे बघत तो म्हणाला, "बाबा असते तर त्यांना सांगितलं असतं. मागच्या साली गेले. पोराला झेपलं न्हाय म्हणून परत आला, असंच त्यांना शेवटपर्यंत वाटायचं. मी पण कधी भांडलो न्हाय. मलाही तसंच वाटाय लागलं व्हतं."

आसावरी माफी मागायला आली होती. वाटेत तिने शब्दही जुळवले होते. ते तसेच मनात ठेवून तिने पेल्यातलं पाणी संपवलं. विशालनेच तिचा रिकामा पेला उचलला आणि विचारलं, "चहा टाकू का, मॅडम?"

तिने नुसती मान डोलावली.