उतारावरचा बीच

आमच्या तळ्याला बीच असावा ही कल्पना माझी. पुण्यात समुद्र नाही, बंगळूरलाही नाही. जन्मभर ज्याच्या दाराशी लाट आली नाही, त्यानेच हे सुचवायचं! आणि सुचवलं तेही चेष्टेत. हेब्बाळच्या पुढे आमच्या सोसायटीमागे एक तळं आहे. त्याच्या काठची बाग नव्याने आखायची ठरली आणि नागरिकांकडून सूचना मागवल्या गेल्या. सोसायटीच्या ग्रुपवर कुणी जॉगिंग ट्रॅक मागत होतं, कुणी ओपन जिम. मी लिहिलं, "वाळू टाका, भेळेची गाडी लावा, बीच होऊन जाऊ दे!" आधी हसरे चेहरे आले, मग अंगठे आले आणि संध्याकाळपर्यंत ती रीतसर मागणी झाली. विनोद कुणाला विनोद वाटला नाही, तिथेच माणसाने सावध व्हावं. मी खूश झालो.

ज्याची कल्पना, त्यानेच फॉर्म करावा असं ठरलं. नोकरीत मी हेच करतो. माहिती गोळा करायची, झाडूनपुसून काढायची आणि रंगीत तक्त्यात साहेबांपुढे ठेवायची. तासाभरात इंग्रजीत फॉर्म तयार. ‘तुम्ही तळ्यावर कशासाठी येता?’ चालायला, पळायला, योगासनांना, मुलांना खेळवायला, पक्षी बघायला. आणि सगळ्यांत शेवटी, फॉर्मचा रिवाज म्हणून, ‘इतर’.

शेजारचे काका निपाणीचे, निवृत्त शाळामास्तर. त्यांनी चष्मा कपाळावर सारून फोन डोळ्यांजवळ धरला. "काय ओ पुणेकर, हे मागल्या गल्लीतल्या लोकांनी वाचायचं कसं? कन्नडात कुठाय?"

"करू की काका, पुढच्या आवृत्तीत."

"तळं काय पुढच्या आवृत्तीत येतंय व्हय?"

मी हसलो. मास्तर लोकांना चुका काढायची सवयच असते, असं मनात म्हणालो.

बीचसाठी जी जागा सगळ्यांच्या डोळ्यांत भरली, ती म्हणजे पूर्वेकडचा उतार. बाकी काठ दगडी बांधाचा, उभा. तेवढ्या एकाच ठिकाणी जमीन अलगद पाण्यात उतरायची. त्या उतारावरून रोज सकाळी एक अक्का खाली जायची. आमच्या मागच्या जुन्या गावात तिचं घर, दारात दोन गाई. गुडघाभर चिखलात उभी राहून ती विळ्याने ओलं गवत कापायची, मोठा भारा बांधायची आणि डोक्यावर घेऊन तो उतार चढायची. त्या गाईंचं दूध आमच्या मजल्यावर तीन घरांत यायचं. पुण्यातल्या नातेवाइकांना फोनवर सायीची जाडी सांगताना मला जो अभिमान वाटे, त्यात माझं कर्तृत्व दूध तापवण्यापुरतं होतं.

फॉर्मची कुणकुण तिच्यापर्यंत पोचली. एके दिवशी दूध घालून ती दारातच थांबली. माझं कन्नड भाजीवाल्यापुरतं, म्हणून ती माझ्याशी लहान मुलाशी बोलावं तसं सावकाश बोलायची.

"अण्णा, तळ्याचं काहीतरी लिहून घेतायत म्हणे. माझंही स्वल्प लिहा ना. गवत न्यायला तो उतार तेवढा मोकळा ठेवा म्हणावं. दुसरीकडून भारा वर येत नाही."

मी तिला आत बोलावलं. ती आली नाही, उंबऱ्याबाहेर उभी राहिली. मी फोन काढला, तिचं नाव घातलं. कशासाठी येता? गवतासाठी असा पर्याय मी ठेवलाच नव्हता. मग ‘इतर’वर टिचकी मारली आणि पुढच्या चौकटीत छान इंग्रजीत लिहिलं, की गुरांच्या चाऱ्यासाठी हा उतार मोकळा असणं आवश्यक आहे. तिला कन्नडमध्ये, म्हणजे हातवारे करून, समजावलं. शेवटचं बटण तिने स्वतः दाबलं, लुगड्याला अंगठा पुसून.

"मीटिंगला येऊ का?" तिने विचारलं.

"कशाला? लिहिलंय ना आता. मी आहे तिथे."

हे वाक्य मी पुढे फार वेळा आठवलं. ‘मी आहे तिथे.’ केवढा भरवसा!

मीटिंगच्या आदल्या दिवशी मी उत्तरांचा तक्ता करायला बसलो. गोल तक्ता, एकेक फोड वेगळ्या रंगाची. चालणाऱ्यांची मोठी हिरवी फोड, खेळणाऱ्यांची पिवळी, पक्षीवाल्यांची निळी. आणि त्या निळ्या-हिरव्याच्या मध्ये एक करडी, बारीक फट: ‘इतर’. तिचं लेबल पक्षीवाल्यांच्या लेबलावर चढत होतं. डावीकडे सरकवलं, हिरव्यावर गेलं. अक्षर लहान केलं, दिसेना. ऑफिसात अशा वेळी जे करतो, ते केलं. ‘इतर’ गाळून टाकलं. बोटांना इतकी सवय, की डोक्याला विचारावंही लागलं नाही. तक्ता देखणा झाला. बायकोला दाखवला. "मस्त," ती म्हणाली, तेही मान वर न करता.

मीटिंगला महापालिकेच्या कार्यालयातले इंजिनिअर होते आणि बागेची आखणी करणाऱ्या बाई होत्या. बाई चांगल्या होत्या हो, हे मुद्दाम सांगतो, कारण नंतर सगळं त्यांच्यावर ढकलण्याचा प्रयत्नही मी करून पाहिला. त्यांनी नकाशावर बोट ठेवून सरळ विचारलं, "या उताराचा आत्ता कुणी काही वापर करतं का?"

मी काय म्हणालो? "मॅडम, सगळं तक्त्यात आहे."

बाईंनी तक्ता पाहिला. टाळ्या पडल्या. बीच मंजूर झाला.

काम सुरू होऊन उताराभोवती पत्रे उभे राहिले, तेव्हा अक्का रिकामा दोर हातात घेऊन आली. "अण्णा, लिहिलं होतं ना?"

"हौदु, हो. लिहिलं होतं," मी म्हणालो, आणि ते खोटं नव्हतं. घरी येऊन लॅपटॉप उघडला आणि मग कळलं की खरंही नव्हतं. मी धावत कार्यालयात गेलो. इंजिनिअरनी सौजन्याने फाइल काढली. वर माझाच तक्ता लावलेला, रंगीत छपाईत. "सर, एवढा क्लियर रिपोर्ट आमच्याकडे क्वचित येतो," ते म्हणाले. आता वाळूची ऑर्डर गेली होती.

वाळू आली. कुंपण आलं, फाटक आलं, वेळेचा फलक आला, पहारेकरी आला. भारा घेऊन बाहेर यायची सोय कुठेच नव्हती. अक्काने काही दिवस दूरच्या माळावरून गवत आणलं, मग एक गाय बहिणीकडे गावी पाठवली, मग दुसरीही. आमच्याकडे पिशवीचं दूध सुरू झालं. आणि ती मात्र भेटली की माझीच समजूत काढायची. "तुम्ही तर लिहून दिलं होतं. त्यांनी ऐकलं नाही, तुम्ही काय करणार?" मी मान डोलवायचो. त्या डोलवण्याची आज जितकी लाज वाटते, तितकी गाळण्याचीही वाटत नाही.

शेवटी काकांना गाठलं. म्हटलं, तुमचं कन्नड अस्सल, तिला जरा नीट समजावून सांगा, तक्ता म्हणजे काय, लेबल कसं चढतं.

"मी? का म्हणून? आवृत्ती तुमची ना?" काका म्हणाले. "लेबलाचं राहू दे ओ. मी गाळलं म्हणायचं. एवढं कन्नड येतंय तुम्हाला."

गावातल्या तिच्या दारात गेलो. गोठा धुऊन कोरडा पडला होता, तिथे आता कुणाची तरी स्कूटर उभी होती. मोडक्यातोडक्या कन्नडात सांगितलं, की कार्यालयाने नाही, मीच काढून टाकलं. का, ते सांगताना मात्र माझी गाडी अडली. ‘चित्र चांगलं दिसत नव्हतं’ एवढंच म्हणता आलं. कोणत्याही भाषेत कारण तेवढंच होतं.

तिने विचारलं, "माझं एकटीचंच काढलं?"

"नाही. अजून काही जणांचं होतं."

"त्यांना काय पाहिजे होतं?"

मला माहीत नव्हतं. गाळताना वाचलंच नव्हतं. तसं म्हणालो.

"वाचलं नाही?" तिला खरंच नवल वाटलं. रागापेक्षा नवलच जास्त. "अण्णा, मला वाचता येत नाही, म्हणून तुमच्याकडे आले होते."

त्यावर मी बहुतेक "सरी, सरी", म्हणजे बरं, बरं, असं काहीतरी पुटपुटलो. तिने दारातली घागर उचलली आणि नळावर गेली.

घरी आलो आणि ती जुनी उत्तरं काढून वाचली. एकाने कन्नडमध्ये लिहिलं होतं. ते काकांकडून वाचून घेतलं. वडिलांना पक्षाघात झाला आहे, दुसरीकडून चाकाची खुर्ची पाण्यापर्यंत जात नाही, उतार मोडू नका. खाली फोन नंबर होता. तो मी अजून लावलेला नाही.