सूसारा तानीची निळ्या टोकाची गोळी

सूसारा तानीच्या, म्हणजे सगळ्या गावाच्या सूसारा काकूच्या, स्वयंपाकघरात दोन तराजू आहेत. एक केकच्या पिठाचा, दुसरा दारूचा. दारू म्हणजे काडतुसात भरायची. प्यायची दारू त्या घरात तिचे यजमान फ्लोरिस ऊम, म्हणजे फ्लोरिस काका, मोजतात, आणि तीही नुसत्या नजरेने. खिडकीखालच्या टेबलाला काडतुसं भरायचं यंत्र ठोकून बसवलंय. इतर बायका खिडकीच्या कट्ट्यावर फुलझाडं ठेवतात, तानीने तिथे जनावरांच्या अंगातून निघालेल्या गोळ्या मांडून ठेवल्यात. काही अळंबीसारख्या छान उमललेल्या, काही वाकड्या झालेल्या, तर काही निर्लज्जासारख्या जशाच्या तशा. कुणाची गोळी कुठली हे तिला पाठ आहे, आणि ते ती चारचौघांत सांगते.

आमच्या क्लिपवाटरमध्ये हिवाळा लागला, शिकारीचा मोसम उघडला, की लोक रिकामी काडतुसं पिशवीत घालून तिच्या दारात येतात. राजधानीत, विंडहुकच्या दुकानात भरलेली काडतुसं मिळतात, पण तानीच्या हातच्यांची सर त्यांना नाही. अट एकच. आत गोळी कुठली घालायची ते तानी ठरवणार.

"काय मारायचंय?" ती विचारते.

"कुडू, तानी." म्हणजे पिळदार शिंगांचं मोठं हरीण.

"किती लांबून?"

"चारशे पावलांवरून तर सहज."

"म्हणजे दोनशे. दोनशेवरून तरी लागते का?"

"बहुतेक वेळा..."

"मग शंभरावर जा आणि ही बोथट नाकाची जड गोळी घे. सावकाश जाते, पण जाईल तिथे काम करते. तुझ्या बापालाही हीच द्यायचे मी. तो तुझ्यापेक्षा खरं बोलायचा."

माणूस कान पाडून तानीने पुढे केलेलं घरचं कडक बेस्कीट कॉफीत बुडवतो आणि दिलेली गोळी घेऊन जातो.

मी इथला खाटीक, डीडेरिक. गोळीबद्दल ज्याला त्याला मत असतं, पण ती लागल्यानंतर काय होतं ते मला निस्तरावं लागतं. हलकी, वेगवान गोळी जवळून खांद्यात बसली की आत फटाक्यासारखी फुटते. निम्मा खांदा रक्त साकळून काळा पडतो, तो मी कुत्र्यांना टाकतो, आणि शिकारी वर तोंड करून मलाच विचारतो, "डीडेरिक, मांस एवढंच कसं रे भरलं?" अरे गाढवा, उरलेलं तूच उडवलंस! तानीच्या गोळीचं तसं नाही. भोकाच्या काठापर्यंतचं मांस खाता येतं. म्हणून मी तिच्या बाजूचा. आणि तिची बेस्किटं हे दुसरं कारण.

फ्लोरिस ऊम म्हणजे उंचीला ताड आणि आवाजाला ढोल. देवळाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, पंचांत सगळ्यांत थोरले. आमच्याकडे देवळाच्या जत्रेसाठी दरवर्षी एक ईलँड मारतात. बैलाएवढं हरीण ते, सगळ्या गावाला पुरतं. ते थोरल्या पंचानेच मारायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या मागून चालायचं, अशी रीत आहे. मग माझ्या शेडमध्ये त्यानेच गोळी शोधून काढायची आणि सगळ्यांना दाखवायची. ती हातोहात फिरते आणि त्यावर वर्षभर पुरेल एवढी चर्चा होते.

काही वर्षांपूर्वी ऊम पवनचक्कीवरून पडले आणि त्यांचं खांद्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण मनात बंदुकीच्या दणक्याची धास्ती बसली. चाप ओढायच्या क्षणी डोळे मिटायचे, अंग आकसायचं. त्या हिवाळ्यात त्यांच्या हातून एक कुडू पोटात जखमी झाला. ऊम दिवसभर त्याच्या रक्ताच्या थेंबांमागे चालले, शेवटी दुसरी गोळी घालून त्याला वेदनांतून सोडवलं, आणि घरी येऊन जेवले नाहीत. आमच्याकडचा माणूस दिवाळं निघालेलं सांगेल, बायको पळून गेलेली सांगेल, पण बंदूक चालवताना डोळे मिटतात हे मेला तरी सांगणार नाही.

तानीने काही विचारलं नाही. ती नवऱ्याच्या काडतुसांत दारू कमी घालू लागली. दरवर्षी थोडी थोडी. दारू कमी म्हणजे दणका कमी, पण गोळीचा वेगही कमी. म्हणून तिने मऊ शिशाच्या उघड्या टोकाची जुन्या घडणीची गोळी निवडली, जी संथ गेली तरी आत जाऊन उमलते. फक्त ती जवळून मारायला हवी. मग नवऱ्याला जनावराच्या जवळ कसं धाडायचं? तानी त्याला म्हणाली, "फ्लोरिस, लांबून गोळ्या झाडणं थोरल्या पंचाला शोभत नाही." ऊमना हे इतकं पटलं की ते तरण्या पोरांना धडे द्यायला लागले, "लांबून काय, कुणीही मारतं! हिंमत असेल तर जवळ जा."

हे मला कुणी सांगितलं नाही, मांसाने सांगितलं. ऊमच्या जनावरांच्या जखमा बदलल्या होत्या. मी तानीला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "डीडेरिक, बेस्किटं आवडतात ना तुला? मग तोंड खाण्यापुरतं उघडत जा."

सगळं सुरळीत चाललं होतं. मग ऊमच्या सत्तराव्या वाढदिवसाला त्यांचा पुतण्या रुआन विंडहुकहून आला. हा तिथे सौरपंप विकतो आणि घरातही विकल्यासारखाच बोलतो. त्याने काकांसाठी गोळ्यांची डबी आणली होती. अख्ख्या तांब्याच्या, सुईसारख्या, टोकाला निळं प्लास्टिक.

"शिशाचे दिवस गेले, ऊम," तो म्हणाला. "ही हत्तीच्या हाडातूनही सरळ जाईल."

"ऐकलंस का, सूस?" ऊम गरजले. "ह्या वर्षीचा जत्रेचा ईलँड ह्याच गोळीने! भर तू काडतुसं."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तानीने केक कापला, तो नेहमीसारखा सरळ कापला गेला नाही.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या दुकानात आली आणि मांसाकडे न बघता उभी राहिली.

"मी फसले रे," ती म्हणाली. "ते तांबं कडक आहे, त्याला उमलायला वेग लागतो. माझी कमी दारू घातली तर ते विणायच्या सुईसारखं आरपार जाईल. ईलँड तसाच झाडीत निघून जाईल आणि तडफडून मरेल. पुरी दारू घातली तर दणका बसणार आणि हा डोळे मिटणार. पुन्हा त्या कुडूसारखं झालं, आणि तेही सगळ्या गावासमोर, तर हा परत बंदूक हातात धरायचा नाही."

"मग सांगून टाक ना त्यांना खरं."

"तू सांग."

मी सुरीला धार लावायला घेतली. तिला आधीच धार होती.

"बघ," तानी म्हणाली. "गुडघे गेले, कान गेले. पंचांच्या बैठकीत हल्ली त्याचं बोलणं संपायच्या आधीच लोक टोप्या उचलतात. वर्षातून एक दिवस सगळे त्याच्या मागून चालतात, डीडेरिक. एवढंच उरलंय त्याला, आणि ते माझ्या हातून जाणार."

मला गलबलून आलं, आणि मी खाटीक आहे, मला सहजासहजी तसं होत नाही. इतक्यात शेजारच्या खोलीतून माझी बायको अलेटा डोकावली. तिथे तिचं केस कापायचं आणि नखं रंगवायचं दुकान आहे. तानी तिच्या हातांकडे टक लावून बघत राहिली.

"अलेटा," ती म्हणाली, "नखांचा रंग निळाही मिळतो का गं?"

अलेटाच्या हातातली कात्री पडली. प्रार्थनेला नखं रंगवून आलेल्या मुलीकडे तानी अशी बघते की ती मुलगी भजन संपेपर्यंत हात बाहीत ओढून बसते. त्याच तानीने निळ्या रंगाची बाटली घेतली, पर्समध्ये खोल दडवली आणि मान ताठ करून गेली. दुपारपर्यंत गावात बातमी पसरली की सूसारा तानीचं म्हातारपणी डोकं फिरलं. पाद्रींची बायको तर साखर मागायच्या निमित्ताने तिची नखं बघायला गेली. नखं कोरी होती.

तानीने काय केलं ते तुम्ही ओळखलं असेलच. जुन्या मऊ शिशाच्या गोळ्या घेतल्या, नेहमीची कमी दारू घातली आणि शिशाच्या टोकांना निळा रंग फासला. काडतुसात गोळीचं टोकच तेवढं बाहेर दिसतं, आणि त्याखालचा पत्रा तांब्याचाच असतो. वाचायला लागणारा चष्मा ऊम बंदुकीजवळ कधी आणत नाहीत. तांब्याच्या गोळ्या तिने पिठाच्या डब्यात पुरल्या. राहिली एकच काळजी. नवी गोळी लांबून मारते, असं पुतण्याने ऊमच्या मनात भरवून ठेवलं होतं. आता ते जवळ कशाला जातील?

शिकारीच्या सकाळी मीही सगळ्यांबरोबर मागून चालत होतो. मोपानीच्या झाडांपलीकडे ईलँडांचा कळप चरत होता, आणि कडेला एक म्हातारा नर, मानेखाली कातडीची पोळी लोंबणारा. रुआन कुजबुजला, "ऊम, इथूनच! ही गोळी इथून आरामात जाते."

ऊमनी त्याच्याकडे वळूनही बघितलं नाही. ते गुडघ्यांवर बसले, मग पोटावर झोपले आणि सरपटू लागले. सत्तर वर्षांचा माणूस, काट्यांतून, वाळूतून, तोंडाने गुडघ्यांना शिव्या देत. मी मनात म्हटलं, आणखी थोडं, ऊम, आणखी थोडं. ते मुंगळ्यांच्या वारुळापर्यंत गेले. तिथून ईलँडच्या पापण्यांवरच्या माश्याही दिसल्या असतील. मग गोळी सुटली. नराने उडी घेतली, थोडा धावला आणि गुडघ्यांवर खाली बसला. संपलं.

शेडमध्ये सगळे दाराशी जमले. तानी कॉफीची किटली घेऊन आली होती. मी कातडी सोलत पलीकडच्या बाजूला आलो आणि सुरी थांबवली. कातडीला ह्या बाजूने भोकच नव्हतं. खाली मांसात एक गाठ लागत होती. गोळी आतच राहिली होती, आणि आता रीतीप्रमाणे ऊम ती काढणार आणि सगळ्यांना दाखवणार. टोकं रंगवायच्या घाईत ही रीत तानीच्या आणि माझ्या ध्यानातच आली नव्हती. ते शिसं होतं हे आंधळ्यानेही ओळखलं असतं.

ऊमनी दाराकडे पाठ केली, सुरीने चीर दिली, दोन बोटं घातली. मी शेजारीच होतो, मला दिसली. सुंदर उमललेली, करडी, आणि एका पाकळीच्या कडेला कणभर निळा रंग. ऊमनी तिच्याकडे बघितलं आणि मूठ मिटली.

"आरपार!" ते ओरडले. "सरळ आरपार गेली! काय गोळी आहे, रुआन!"

"मी म्हटलंच होतं!" रुआन नाचायचाच बाकी राहिला.

मी कातडी गुंडाळून बाजूला फेकली, भोक नसलेली बाजू आत घालून. तानी दारातून बघत होती. तिने भरलेली गोळी ईलँडच्या पलीकडून बाहेर पडणार नाही, हे तिच्याएवढं कुणाला माहीत होतं? तिची नजर नवऱ्याच्या मिटलेल्या मुठीवर गेली आणि तिने पाद्रींच्या कपात कॉफी ओतली ती बशी भरून त्यांच्या बुटावर सांडेपर्यंत.

जत्रा दणक्यात झाली. त्यानंतर वर्षभर त्या घरात गोळीचा विषय निघाला नाही. तानी मला म्हणायची, "बोलत नाही रे तो. रागावलाय का, तेही कळत नाही." जेवणात मीठ कमीजास्त व्हायला लागलं, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

पुढचा हिवाळा आला. एका सकाळी फ्लोरिस ऊम अलेटाच्या दुकानात शिरले, टोपी काढली, इकडेतिकडे बघितलं आणि काहीतरी घेऊन खिशात घातलं. "डीडेरिक, चल घरी," ते मला म्हणाले. "कॉफी पिऊ." बहुधा त्यांना एकट्याने जायचा धीर नव्हता.

तानी काडतुसं पुसत बसली होती. ऊमनी खिशातून ती उमललेली गोळी काढली आणि खिडकीच्या कट्ट्यावर, ओळीच्या शेवटी ठेवली. मग दुसऱ्या खिशातून निळ्या रंगाची नवीकोरी बाटली काढून तराजूशेजारी ठेवली. तानीने दोन्हीकडे बघितलं. एप्रन तोंडाशी नेला. ती रडतेय की हसतेय हे मला कळलं नाही, तिलाही कळलं नसावं.

"जुनी बाटली वाळली असेल," ऊम म्हणाले, आणि त्यांचा ढोलासारखा आवाज कधी नव्हे तो खाली आला. "ह्या वेळी जरा पातळ लाव, सूस. मागच्या खेपेला बंदुकीत भरतानाच माझ्या बोटाला ओघळ लागला होता."