ग्राफिक्स कार्ड आणि मामांचे डोळे

गेल्या रविवारी माझगावला मामांकडे गेले होते. मामींनी फोन करून बोलावलं होतं... "हे हल्ली कॉम्प्युटरला हात लावत नाहीत. विचारलं की चिडतात. तू ये बघू एकदा."

मामा गोदीत क्रेनवर होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. काचबिंदूने डावा डोळा गेला, उजव्यात थोडी नजर उरली आहे. छापील पेपर वाचता येत नाही, म्हणून मी माझा जुना डेस्कटॉप त्यांच्याकडे नेऊन ठेवला होता. त्यावर लिनक्स टाकलं, मोठा मॉनिटर जोडला आणि अक्षरं हवी तेवढी मोठी करणारं मॅग्निफायर चालू करून दिलं.

तेव्हापासून दुपारी मामी मासे साफ करायला बसल्या की मामा त्यांना बातम्या वाचून दाखवायचे, मध्येमध्ये स्वतःची मतं घुसडत. मामींना बातम्यांपेक्षा ती मतंच जास्त आवडायची, असा माझा संशय आहे.

ते सगळं बंद पडलं होतं. मामा खिडकीशी बसून होते, डोळे मिटून.

मी कॉम्प्युटर सुरू केला आणि लगेच लक्षात आलं... स्क्रीनच अंधुक होती. अक्षरं पसरट, कडा विस्कटलेल्या. माउस हलवला की मॅग्निफायर अडखळत मागून यायचं.

"मामा, हे कधीपासून असं?"

"राहू दे गो. मशीनचा काय नाय, डोळ्यांचा आसा. नजर हळूहळू जातली, ह्या माहीत होताच."

"अहो, मलाही अंधुकच दिसतंय!"

"माझा मन राखूक सांगतस," ते म्हणाले आणि परत खिडकीकडे वळले.

आता बोलून उपयोग नव्हता, दाखवायलाच हवं होतं. सेटिंग्ज उघडून पाहिली, तर ग्राफिक्स कार्डाचं नावच नाही आणि रिझोल्यूशन अगदी खालचं, तेही एकच. आधी वाटलं कार्ड सैल झालं असेल. पण टर्मिनलमध्ये हार्डवेअरची यादी काढली तर त्यात कार्ड दिसत होतं. म्हणजे कार्ड जागेवर होतं, ते चालवणारा ड्रायव्हर लोड होत नव्हता.

कधीतरी आपोआप अपडेट झालं होतं. सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, नवा आला होता आणि ड्रायव्हर राहिला होता जुना. दोघांचं जमत नव्हतं... आणि मशीन बिचारं कार्डाशिवाय कसंबसं चित्र काढत होतं.

खात्री करायला रीस्टार्ट केलं आणि सुरुवातीच्या मेनूतून जुना कर्नल निवडला. स्क्रीन लख्ख! अक्षरांच्या कडा ब्लेडने कापल्यासारख्या.

"मामा, इकडे या."

नाइलाजाने आले. चष्मा लावला, नाक स्क्रीनला जवळजवळ टेकवलं. एक हेडलाइन वाचली, अडखळत. मग खालची. मग तिच्या खालची... आणि थांबले.

"माका दिसता," ते हळूच म्हणाले. "माका वाटला, गेले डोळे."

मामी ओल्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. मामांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "अगो, ती ड्रॉप्सची बाटली खंय आसा?"

"खंय आसा म्हणजे? रोज घालता ना तुम्ही?"

मामा चष्मा काढून पुसायला लागले. मग कळलं की त्यांनी ड्रॉप्स घालणंच सोडून दिलं होतं, कित्येक आठवडे. गेलेल्या डोळ्यांत औषध कशाला घालायचं, म्हणून. काचबिंदूत ते थेंब चुकवून चालतच नाही.

"मला एका शब्दाने सांगायचं नाही?" मामी रडायलाच लागल्या.

"सांगलंय असता तर हीच रडारड आधी झाली असती," मामा म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डोळ्यातलं प्रेशर वाढलं होतं, थोडं नुकसानही झालं आहे. पण उरलेल्यातली बरीचशी नजर शाबूत आहे. वेळेत आलात, डॉक्टर म्हणाले. संध्याकाळी मामांच्या घरी परतल्यावर मी नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर नीट बसवून दिला.

तेव्हापासून एकच विचार डोक्यात आहे. इतकी वर्षं मामा ज्या दिवसाला घाबरत होते, तो आला असं वाटल्यावर त्यांनी तपासूनसुद्धा पाहिलं नाही. कुणाला विचारलं नाही, तक्रार केली नाही... नुसते खिडकीशी जाऊन बसले.

मी फोन करायचे अधूनमधून. "बरे आहात ना?" विचारायचे, "बरा आसंय" ऐकलं की समाधानाने फोन ठेवायचे.

आता विचारते, "मामा, आज काय वाचलंत?"

...आणि मग बराच वेळ फोन ठेवता येत नाही.